ग्लॅडिएटर २ आणि आठ वर्षांची दोन मुलं

(दोन्ही चित्रपटांचे शेवट पुढे उघड होतात. पाहिले नसतील तर आधी पाहा.)

२००० साली आलेल्या ‘ग्लॅडिएटर’मध्ये सुरुवातीलाच एक लहानसा प्रसंग आहे. जर्मानियातली लढाई संपलेली आहे. सैन्याच्या छावणीत सम्राट मार्कस ऑरेलियसची मुलगी ल्युसिला सेनापती मॅक्सिमसला भेटते. या दोघांचं पूर्वी काहीतरी होतं, हे त्यांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या अडखळण्यातून जास्त कळतं. तिच्या मुलाचा, ल्युसियसचा विषय निघतो. तो जवळजवळ आठ वर्षांचा आहे. मॅक्सिमस सांगतो, मलाही मुलगा आहे, तोही साधारण तेवढाच. तिचा नवरा गेल्याचं दुःख तो व्यक्त करतो, ती आभार मानते, संपलं.

मिनिटभराचं हे बोलणं पुढच्या अख्ख्या चित्रपटाचा पाया आहे. जुनं प्रेम या माणसानं कधीच मागे टाकलंय आणि त्याचं मन आता स्पेनमधल्या शेतावर, बायको आणि मुलाजवळ आहे, हे इथे पक्कं होतं. त्या दोघांना मारलं जातं आणि उरलेले दोन तास हा माणूस फक्त त्यांच्याकडे परत जायची वाट बघत जगतो. चिमुकल्या दोन मूर्ती, एक बायकोची आणि एक मुलाची, त्याच्याजवळ असतात. ‘ग्लॅडिएटर’ची आठवण काढताना लोक लढाया आणि गाजलेली वाक्यं सांगतात. पण तो चित्रपट पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो तो या एकनिष्ठेमुळे.

२०२४ च्या नोव्हेंबरात, म्हणजे चोवीस वर्षांनी, रिडली स्कॉटनंच त्याचा दुसरा भाग आणला. त्यात कळतं की ल्युसियस हा मॅक्सिमसचा मुलगा.

आता हिशेब मांडा. दोन मुलं, दोघंही एकाच वयाची. म्हणजे शेतावर बायकोला दिवस गेले त्याच सुमारास मॅक्सिमस राजकन्येकडेही जात होता. पहिल्या भागात ल्युसियसला नाव विचारल्यावर तो वडिलांचं नाव लावून ‘ल्युसियस व्हेरस’ असं सांगतो. ते आता खोटं ठरतं. आणि ज्या निष्ठेसाठी आपण मॅक्सिमसच्या मरणावर रडलो, तिलाच तडा जातो. दुसऱ्या भागाचा लेखक डेव्हिड स्कार्पा यानं हे अडचणीचं गणित सोडवण्याचा प्रयत्नच केलेला नाही. वडिलांचं नाव मिळालं की प्रेक्षकाचा ऊर भरून येईल, यावर सगळी भिस्त ठेवली आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. खरा ल्युसियस व्हेरस, म्हणजे ल्युसिलाचा पहिला नवरा आणि मार्कसचा सहसम्राट, इ.स. १६९ मध्येच वारला. पहिला चित्रपट सुरू होतो १८० मध्ये. तेव्हा आठ वर्षांचा असलेला मुलगा इतिहासाच्या हिशेबानं त्याचा असूच शकत नाही. म्हणजे फट होती. फट होती म्हणून तिथे पहार घालायची का, हा माझा प्रश्न आहे. पहिल्या भागात मॅक्सिमस आणि त्या पोरात जे नातं जमतं ते गोड आहे कारण तिथे रक्ताचा संबंध नाही. छातीवरच्या चिलखतावर कोरलेल्या दोन घोड्यांची नावं, आर्जेंटो आणि स्कार्तो, तो पोराला सांगतो, कारण स्वतःच्या मुलालाही घोडे आवडायचे. परक्या मुलात आपला गेलेला मुलगा दिसणं यात जे आहे, ते ‘हा तर माझाच मुलगा’ म्हटल्यावर निम्मं होतं.

उशिरा येणाऱ्या दुसऱ्या भागाची खरी अडचण अशी की पहिल्याचं दार बंद झालेलं असतं. इथे तर नायक मेला, खलनायक, म्हणजे मार्कसचा मुलगा सम्राट कमोडस, मेला, सिनेटर ग्रॅकसला पुन्हा पदावर बसवा आणि सत्ता सिनेटकडे द्या असं सांगूनच नायकानं प्राण सोडला. ‘मागील पानावरून पुढे चालू’ म्हणायला पानच शिल्लक नव्हतं. मधल्या काळात निक केव्ह या गायक-लेखकानं एक पटकथा लिहिली होती. तीत मॅक्सिमस परलोकातून देवांच्या आज्ञेनं परत येतो आणि पुढे शतकानुशतकं लढाया लढत राहतो. ती पटकथा बाजूला पडली. पण तिचं एक श्रेय नाकारता येत नाही: तिनं पहिल्या भागातलं काहीही पुसलं नव्हतं. पुढच्या पिढीची गोष्ट सांगायची ठरली, तेव्हा पुसणं अटळ झालं. मॅक्सिमसनं मरताना मागितलेलं रोम कधी उभंच राहिलं नाही, सोळा वर्षांनी दोन वेडगळ सम्राट गादीवर आहेत, आणि सगळं मूळ पदावर. प्रेक्षकाला पहिल्या दहा मिनिटांतच कळतं की तो मेला ते फुकट गेलं.

हे पचवता आलं असतं. कारण मधल्या वर्षांत रोममध्ये खरोखर जे घडलं, ते कुठल्याही पटकथेपेक्षा भारी आहे. खरा कमोडस कलोसियममध्ये मेला नाही. १९२ च्या शेवटच्या दिवशी नार्सिसस नावाच्या मल्लानं त्याचा गळा आवळला. त्याच्या जागी आलेला पर्टिनॅक्स तीन महिनेही टिकला नाही, त्याच्याच प्रेटोरियन रक्षकांनी, म्हणजे सम्राटाच्या अंगरक्षक दळानं, त्याला मारला. आणि मग मार्च १९३ मध्ये त्या रक्षकांनी छावणीच्या तटावरून चक्क साम्राज्याचा लिलाव पुकारला. डिडियस ज्युलियानस या श्रीमंत सिनेटरनं प्रत्येक शिपायामागे २५,००० सेस्टर्स (रोमन नाणी) बोली लावून रोम विकत घेतलं. ६६ दिवसांत त्याचंही मुंडकं उडालं, आणि सीमेवरून फौज घेऊन आलेला सेप्टिमियस सेव्हेरस गादीवर बसला. मॅक्सिमसचं स्वप्न का मोडलं, याचं उत्तर या एका वर्षात आयतं पडलेलं होतं. ज्या रक्षकांनी कमोडसच्या शेवटच्या क्षणी त्याला तलवार द्यायला नकार दिला, त्यांनीच पुढे सिंहासन बाजारात मांडलं. केवढं मोठं दृश्य झालं असतं! चित्रपटात यातलं काहीही नाही. सेव्हेरस तर गायबच आहे.

त्याची दोन मुलं, कॅराकॅला आणि गेटा, तेवढी उचलली आहेत. तेच ते दोन वेडगळ सम्राट. जुळी म्हणून दाखवलेले हे भाऊ प्रत्यक्षात एक वर्षाच्या अंतरानं जन्मलेले, १८८ आणि १८९ मध्ये. मार्कसच्या मृत्यूनंतर १६ वर्षं म्हणजे १९६. तेव्हा कॅराकॅला होता आठ वर्षांचा. बाप उत्तर आफ्रिकेतल्या लेप्टिस मॅग्नाचा, आई ज्युलिया डॉम्ना सीरियातली. पडद्यावर दिसतात पांढरेफटक चेहरे. शिवाय सुरुवातीला रोमन आरमार उत्तर आफ्रिकेतल्या ज्या न्युमिडियावर चालून जातं, तो प्रदेश तोपर्यंत दोनशेहून जास्त वर्षं रोमच्याच ताब्यात होता.

पहिल्यानंही इतिहास वाकवला होता, हे खरं. पण का वाकवला ते कळत होतं. कमोडसची बारा वर्षांची कारकीर्द काही महिन्यांत कोंबली, बापाचा खून त्याच्या हातून करवला, त्यामुळे गोष्ट दोन माणसांच्या वैरावर आली. दुसऱ्या भागात वाकवून हाती काय लागलं? खऱ्या कॅराकॅलानं भावाला आईच्या कुशीत असताना मारवलं. ज्युलिया डॉम्नाला वगळून चित्रपटानं तो प्रसंगच गमावला.

सांगाडा मात्र पहिल्याचाच घेतलाय. युद्धात बायको मरते, नायक गुलाम होतो, लहान गावच्या आखाड्यात जिंकतो, रोमला येतो, कलोसियममध्ये लोकांचा लाडका होतो, सम्राटांविरुद्ध कट शिजतो, कट फुटतो. पहिल्याच्या सुरुवातीला गव्हावरून फिरणारा हात होता, इथे धान्यात बुडालेला हात आहे. सांगाडा तोच असायला हरकत नव्हती. कीर्तनात पूर्वरंगात जे तत्त्व सांगितलं तेच उत्तररंगात आख्यानातून येतं आणि कोणी पुनरुक्ती म्हणत नाही, कारण आख्यान वेगळं असतं.

बिघाड वेगळ्याच सांध्यात आहे. पहिल्या भागात सूड एकाच माणसावर रोखलेला होता. कमोडसनं काय केलं ते आपण पाहिलं होतं, आणि त्याची जखमही पाहिली होती: बापानं त्याला नाकारलं. दुसऱ्या भागात ल्युसियसचा राग आहे सेनापती अकेशियसवर, कारण त्याच्या हुकमानं बायकोला बाण लागला. पण अकेशियस भला माणूस आहे, ल्युसिलाचा नवरा आहे, सम्राटांना उलथवायच्या तयारीत आहे, आणि हे सगळं प्रेक्षकाला फार लवकर कळतं. त्यामुळे नायक चुकीच्या माणसावर चिडलाय हे माहीत असताना आपण तासभर बसून राहतो. तो राग विरला की नायकाजवळ काहीच उरत नाही. मग शेवटच्या भागात त्याला नवा शत्रू द्यावा लागतो. ल्युसियस झालेला पॉल मेस्कल मेहनती नट आहे. सम्राटांसमोर तो रोमन कवी व्हर्जिलच्या ओळी म्हणतो, आणि हा गुलाम शिकलेल्या घरातला आहे हे कळतं, ती जागा त्यानं छान पकडली आहे. पण पहिल्या भागात मॅक्सिमस झालेल्या रसेल क्रोला जो एकच धागा शेवटपर्यंत ओढायला मिळाला, तो मेस्कलला मिळालाच नाही. हा दोष पटकथेचा आहे, नटाचा नाही.

अकेशियस झालेल्या पेड्रो पास्कलच्या वाट्याला तर त्याहून कमी आलं. सैनिकाचा थकवा त्यानं चेहऱ्यावर आणलाय, पण त्याचा मृत्यू बाणांच्या एका फैरीत उरकलाय.

आता डेन्झेल वॉशिंग्टन. हा दुसरा भाग पाहायचा असेल तर मॅक्रिनससाठी पाहावा. खरा मॅक्रिनस आजच्या अल्जीरियातल्या शेर्शेलचा. प्रेटोरियनांचा प्रमुख झाला, २१७ मध्ये कॅराकॅलाचा खून झाल्यावर सम्राट बनला, सिनेटर नसताना गादीवर बसलेला पहिला माणूस, आणि चौदा महिन्यांत संपला. चित्रपटानं त्याला ग्लॅडिएटरांचा मालक आणि पूर्वीचा गुलाम केलंय, मार्कस ऑरेलियसच्या नावाचा डाग अंगावर घेऊन फिरणारा. हा बदल मला पूर्ण पटला. मार्कस म्हणजे पहिल्या भागातला साधुपुरुष, आणि त्याच्याच राज्यात या माणसाला जनावरासारखं डागलेलं. पहिल्या चित्रपटावर टीका करणारी, त्याला पुढे नेणारी ही एकमेव कल्पना संपूर्ण दुसऱ्या भागात आहे. वॉशिंग्टन काय करतो ते जवळून बघा: झगा सावरताना, अंगठ्यांशी खेळताना, समोरच्याला बोलू देताना तो सतत किंमत ठरवतोय. कॅराकॅला आपल्या माकडाला कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, करतो तेव्हा तो हसत नाही, पुढची चाल पाहतो. गेटाचं मुंडकं घेऊन तो सिनेटसमोर उभा राहतो, ते दृश्य या चित्रपटाचं शिखर आहे. हा चित्रपट मॅक्रिनसचाच असता, ल्युसियस त्याच्या वाटेतला एक माणूस असता, तर चोवीस वर्षं थांबल्याचं सार्थक झालं असतं.

त्याच्या झग्यांवरून आठवलं, वेशभूषेसाठी मिळालेलं नामांकन हे या चित्रपटाचं ऑस्करमधलं एकमेव नामांकन. पहिल्याला १२ नामांकनं होती आणि ५ पुरस्कार, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपट, क्रोचा अभिनय आणि जँटी येट्सची वेशभूषा. दोन्ही वेळी येट्सच होत्या, दुसऱ्या वेळी डेव्ह क्रॉसमनसोबत.

आखाड्यातल्या दृश्यांवर सर्वांत जास्त वाद झाला, म्हणून तिथे जरा थांबतो. कलोसियममध्ये नौकायुद्ध? झालं होतं. इ.स. ८० मध्ये सम्राट टायटसनं उद्घाटन केलं तेव्हाच्या पाण्यातल्या खेळांबद्दल कवी मार्शलनं लिहून ठेवलंय. पण पुढे डोमिशियनच्या काळात आखाड्याखाली तळघराचे बोळ आणि वर खेचायचे पिंजरे बांधले गेले, त्यानंतर तिथे पाणी भरणं शक्य राहिलं नाही. म्हणजे या गोष्टीच्या शंभरेक वर्षं आधीच तो खेळ बंद. तरी गणित करून बघण्यासारखं आहे. आखाडा लंबवर्तुळाकार, साधारण ८३ मीटर लांब आणि ४८ मीटर रुंद. दीड मीटर पाणी भरायचं तर सुमारे ४७ लाख लिटर लागेल, म्हणजे १० हजार लिटरचे ४७० टँकर. रोमच्या जलवाहिन्यांना हे जड नव्हतं. अडचण जागेची आहे. तीन रांगांच्या वल्ह्यांची युद्धनौका असते ३५ मीटरच्या पुढे. अशा दोन नौका आत घातल्या की वळायलाही जागा उरत नाही, मग वेग घेऊन धडक कुठून मारणार? त्या खेळांत लहान, सपाट तळाच्या होड्या असणार. शार्कचा तर पुरावाच नाही. जलवाहिन्यांचं पाणी गोडं, शार्क खाऱ्या पाण्यातला. समुद्रापासून पंचवीस-तीस किलोमीटर जिवंत आणायचा आणि गोड्या पाण्यात सोडायचा, तर लढाई सुरू व्हायच्या आतच तो मेला असता.

पण माझी तक्रार शार्कची नाही. पहिल्या भागातही वाघ आणि रथ होतेच. फरक असा की तिथे प्रत्येक झुंजीनंतर गोष्ट पुढे सरकायची. रथांच्या लढाईनंतर मॅक्सिमसला शिरस्त्राण काढून स्वतःचं नाव सांगावं लागतं. टायग्रिस या ग्लॅडिएटरबरोबरच्या लढतीत सम्राटाचा अंगठा खाली गेल्यावरही तो प्रतिस्पर्ध्याला सोडून देतो, आणि लोक कमोडसपेक्षा त्याला मोठं मानू लागतात. दुसऱ्या भागातलं नौकायुद्ध कापून टाका, कथेला धक्का लागत नाही. गेंड्याचा प्रसंग मात्र जमलाय. रोमनांनी खेळात गेंडे आणले होते, डोमिशियनच्या नाण्यांवर गेंडा आहे. चित्रीकरणासाठी नील कॉर्बोल्डच्या पथकानं दूरनियंत्रणावर पळणारा यांत्रिक गेंडा बनवला, त्यामुळे स्वाराच्या अंगाला बसणारे हिसके खरे आहेत. तसंच न्युमिडियावरच्या हल्ल्यातल्या नौका मोरोक्कोतल्या वारझाझातच्या वाळवंटात, अवजड यंत्रं वाहून नेणाऱ्या चाकांच्या फलाटांवर चालवल्या आणि पाणी नंतर संगणकानं भरलं. तो हल्ला भव्य आहे आणि तो पडद्यावरच पाहायला हवा. माकडांच्या झुंजीत संगणक उघडा पडतो, कारण तिथे धरायला खरं काही नाही.

छायाचित्रण दोन्हींचं जॉन मॅथिसनचं. आता स्कॉट आठ-दहा कॅमेरे एकदम लावतो. दृश्य झपाट्यानं उरकतं, नटाला तेच तेच पुन्हा करावं लागत नाही. पण सगळ्या बाजूंनी कॅमेरे असले की प्रकाश एका बाजूनं कोरता येत नाही, तो सगळीकडे सारखा पसरावा लागतो. छावणीच्या तंबूतला मार्कस आणि कमोडसचा प्रसंग आठवा, अर्धा चेहरा अंधारात. तसा एकही चेहरा दुसऱ्या भागात नाही. हॅरी ग्रेगसन-विल्यम्सचं संगीत कामचलाऊ आहे. अंगावर काटा येतो तो हान्स झिमर आणि लिसा जेरार्डची जुनी धून वाजते तेव्हाच.

एक जागा मनापासून आवडली. जखमी ग्लॅडिएटरांवर उपचार करणारा रवी. रोममध्ये भारतीय वैद्य म्हणजे ओढूनताणून आणलेलं पात्र वाटेल, पण तसं नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, म्हणजे प्राचीन तगर, त्या काळच्या ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात आहे. तिथला माल गाड्यांतून भडोचला जायचा आणि तिथून जहाजांत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडन या समुद्रदेवतेची ब्राँझची मूर्ती निघाली आहे. माल जात होता तर माणसंही जात असणार.

पैशाचं थोडक्यात. पहिला १०.३ कोटी डॉलरमध्ये बनला आणि जगभरात सुमारे ४६ कोटी कमावले. दुसऱ्याचीही कमाई सुमारे ४६ कोटीच, खर्च मात्र बातम्यांनुसार २५ कोटी किंवा त्याहून जास्त. तिकिटाच्या पैशांतले साधारण निम्मे चित्रपटगृहांकडे राहतात. म्हणजे निर्मात्याच्या हाती २३ कोटींच्या आसपास, जाहिरातीचा खर्च वेगळाच. आणि २००० चे ४६ कोटी आजच्या ४६ कोटींपेक्षा कितीतरी मोठे होते.

दोन्ही सलग पाहणार असाल तर पहिल्याची १५५ मिनिटांची मूळ आवृत्ती पाहा. १७१ मिनिटांचीही मिळते, पण स्कॉटनं स्वतः मूळ आवृत्तीलाच आपली मानलंय, आणि वाढवलेल्या दृश्यांनी वेग मंदावतो. दोन्हींच्या मध्ये एक दिवस तरी जाऊ द्या. लागोपाठ पाहिले तर दुसऱ्यातली प्रत्येक उसनवारी टोचेल.

दुसऱ्याच्या शेवटी ल्युसियस कलोसियमच्या रिकाम्या आखाड्यात गुडघे टेकतो, वाळू हातात घेतो आणि बापाला म्हणतो, माझ्याशी बोला. त्याच वाळूत पहिल्याच्या शेवटी मॅक्सिमसचा साथीदार ग्लॅडिएटर जुबा त्या दोन मूर्ती पुरतो आणि आपण पुन्हा भेटू, पण इतक्यात नाही, असं म्हणतो. त्यातली एक मूर्ती आठ वर्षांच्या मुलाची आहे. नव्या हिशेबानं तो ल्युसियसचा भाऊ. ल्युसियस बरोबर त्या आखाड्यात बसलाय, आणि बापाला हाक मारतोय.